दसऱ्याची जागा

इंदिरानगरच्या ऋणानुबंध अपार्टमेंटमध्ये फ्लॅट अठरा आणि खाली गाड्यांच्या जागा अकरा. बिल्डरनं मंजूर नकाशात किती दाखवल्या होत्या, हे विचारून आता कुणाचं भलं होणार नव्हतं. उरलेल्या जागांवर दोन दुकानं आणि बिल्डरच्या मेव्हण्याचा दवाखाना उभा राहिला होता, आणि बिल्डर स्वतः गंगापूर रोडला नव्या लोकांशी ऋणानुबंध जोडत होता. पहिल्या वर्षी पार्किंगवरून अशी काही भांडणं पेटली की समोरासमोर राहणाऱ्या दोन साडूंचं बोलणं बंद झालं. शेवटी चेअरमन रंगनाथतात्यांनी तोडगा काढला. तात्या मखमलाबादकडची द्राक्षबाग विकून शहरात आलेले. जमीन गेली तरी पाटिलकी काही गेली नव्हती. त्यांनी जाहीर केलं, आदल्या रात्री सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या आणि दसऱ्याला सकाळी ज्या जागेत ज्याच्या गाडीची पूजा होईल, ती जागा पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याची. देवाच्या साक्षीनं ठरलेलं मोडायची हिंमत कोण करतो, बघतोच मी.

कुणी केली नाही. लोक पहाटे उठून, डोळे चोळत गाड्या आत आणू लागले. भाडेकरूही त्यात घुसायला लागले तेव्हा तात्यांनी नियमाला पुस्ती जोडली, की नारळ घरमालकानंच फोडायचा, स्वतःच्या हातानं. बाकी जात बघायची नाही, मजला बघायचा नाही, नियम सगळ्यांना सारखा. ऋणानुबंधच्या लोकांना ह्याचा फार अभिमान होता. पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, आमच्याकडे पार्किंगचं राजकारणच नाही.

नियम सगळ्यांना इतका सारखा असला की त्यात एखादं घर नेमकं चेंगरतं. इथे ते दुसऱ्या मजल्यावरच्या सहादू पगारेंचं होतं.

सहादू ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून हा फ्लॅट घेतला. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी ते आईच्या कडेवर होते. त्यामुळे दसरा म्हटला की बाकीच्यांना आपट्याची पानं आणि श्रीखंड आठवायचं, त्यांना पांढरे कपडे आठवायचे. त्या सकाळी पगारेंचं सगळं घर पांढऱ्या कपड्यांत पांडवलेणीला, त्यांच्या तोंडी त्रिरश्मी लेणीला, पायथ्याच्या विहारात जायचं. तिथे लोकांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घ्यायचा मान सहादूंचा होता. ते पुढे एकेक ओळ म्हणायचे आणि मागून शेकडो माणसं ती म्हणायची. अमका देव मानणार नाही, तमकी पूजा करणार नाही. एरवी सहादूंचा आवाज बारीक, पण त्या दिवशी माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. मग खीर खाऊन दुपारी घरी यावं, तर अकराच्या अकरा जागांवर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या उभ्या असायच्या. पगारेंची गाडी वर्षभर रस्त्यावर.

"मुद्दाम कुणी करत नाही, काका," सोसायटीचा सेक्रेटरी महेश गायधनी दरवर्षी सांगायचा. "तुम्हीच नसता ना त्या वेळी."

सहादू हसून सोडून द्यायचे. गाडी रस्त्यावर राहिली म्हणून त्यांचं काही अडत नव्हतं. गेल्या वर्षी राखीनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि अडायला लागलं.

राखी त्यांची सून, रवीची बायको. पेठ रोडला, घाटापलीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. त्याला कॅलिपर बांधून चालायची, आणि गाडीला मागे दोन जादा चाकं लावून घेतलेली. जुनी पेट्रोलची गाडी घाटात रडायला लागली म्हणून ही घेतली. किक मारायची भानगड नाही, आवाज नाही, पहिले काही दिवस राखी माहेरी निघाल्यासारखी शाळेला जायची. काही गाड्यांची बॅटरी काढून घरात नेता येते, हिची सीटखाली पक्की बसवलेली होती. म्हणजे गाडी उभी असेल तिथे वायर न्यायला हवी. रवीनं गॅलरीतून खाली रस्त्यापर्यंत वायर सोडली. दोन-तीन दिवसांनी महेश ती वायर छान गुंडाळून, वर रबर लावून दारात घेऊन आला.

"वहिनी, राग मानू नका. खाली लहान मुलं खेळतात. उद्या काही बरंवाईट झालं तर आपल्यालाच वाईट वाटणार ना?"

महेशचं सगळं असं गोड असायचं. त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस त्याच्याकडचा चहा पिऊन, त्याचेच आभार मानून परत यायचा. रवी एका विमा कंपनीत कारकून. त्यानं कुठून कुठून वाचून काढलं, की सोसायटीला मेंबरचा चार्जिंग पॉइंट असा अडवता येत नाही. ते सांगायला तो महेशकडे गेला.

"अरे, अडवतंय कोण?" महेश म्हणाला. "नियम मलाही माहितीये. मेंबरनं आपल्या पार्किंगमध्ये पॉइंट घ्यावा, सोसायटीनं परवानगी द्यावी. मी आत्ता सही करतो. तुमचं पार्किंग कुठलं?"

"पार्किंग नाहीच ना आम्हाला."

"मग पॉइंट मारू कुठे, तूच सांग." आणि महेशचा चेहरा खरोखरच पडला. त्याला कुणाचं वाईट झालेलं बघवत नसे, फक्त चांगलं करता येत नसे.

रवीनं मग कमिटीला अर्ज दिला, की पूजेवर जागा ठरवणं बरोबर नाही, आमच्या घरात पूजा होत नाही, तेव्हा दुसरी काही पद्धत असावी. अर्ज वाचून महेश म्हणाला, "मला पर्सनली शंभर टक्के पटतं. पण तात्यांचं वय बघ. त्यांनी घालून दिलेलं, असं एकदम कसं मोडायचं? त्यापेक्षा यंदा तुम्हीच या ना सकाळी. पाच मिनिटांचं काम. काकांनी एक नारळ फोडला की विषय संपला. तुम्हाला नको कोण म्हणालंय?"

खरंच, नको कुणीच म्हणालं नव्हतं.

तोवर राखी कोपऱ्यावरच्या गोटीरामच्या पंक्चरच्या दुकानात गाडी लावायची. गोटीराम भला माणूस, पण त्याचा भरवसा नव्हता. कधी लग्नाला जायचा, कधी वीजबिल थकवून बसायचा, आणि राखीला ते सकाळी निघताना कळायचं. श्रावणात असंच अर्ध्या बॅटरीवर निघाली आणि परतताना घाटात गाडी मेली. फोनला रेंज नाही, पाऊस चालू. कॅलिपर बांधलेला पाय ओढत ती उतार उतरली, तेव्हा कुठे एका टोमॅटोच्या पिकअपनं तिला आणि मग गाडीला उचललं. घरी येऊन तिनं पट्टा सोडला तर मांडीपर्यंत कातडं सोलवटलं होतं.

लताबाईंनी, म्हणजे सासूनं, कोमट पाण्यात पाय धुतला. राखी रडली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, की हे असं चालायचं नाही, दिवाळीनंतर राजीनामा देते.

सहादू दारात उभे होते. ह्या मुलीनं डी.एड.ला असताना वसतिगृहाचे दोन जिने ह्याच पायानं चढून नंबर काढला होता. ते सगळ्या ओझरला सांगत फिरायचे, माझी सून मास्तरीण हाय. त्यांच्या घराण्यात शाळेत पगार घेणारी ती पहिली बाई. आणि ती नोकरी सुटणार कशानं, तर खाली भिंतीजवळ एक गाडी उभी करायला जागा नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते रवीला म्हणाले, "नारळ आणून ठेव."

लताबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"लोकांकडून वदवून घेता तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांनी म्हनायचं आन् तुम्ही मोडायचं?"

"एक नारळ हाय, लता."

"तेवढाच असतोय नेहमी. हात तुमचा हाय, तुम्हाला काय करायचं ते करा. मी नाय खाली उतरायची."

राखी म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी नका हे करू. मला नाही सहन व्हायचं."

"तुझ्यासाठी कोण करतंय? गाडीसाठी करतोय," सहादू म्हणाले. ह्यावर कुणीतरी हसावं अशी त्यांची इच्छा होती, पण कुणी हसलं नाही.

आता विहारात काय सांगायचं? विहाराचं सगळं नवनाथ नावाचा एक तरुण बघायचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. सहादूंना बाबा म्हणायचा आणि त्यांच्या पायाला हात लावायचा. सहादूंनी त्याला फोन करून सांगितलं, की गुडघा धरलाय, उठवत नाही, यंदा प्रतिज्ञा तूच म्हणव. नवनाथ इतका हळहळला की सहादूंना फोन ठेवता येईना. सहादू म्हणजे रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील नारळ फुटायच्या आधीच फुटलं.

दसऱ्याला लताबाई पांढरं लुगडं नेसून एकट्याच रिक्षात बसल्या.

रवीनं आणि सहादूंनी गाडी ढकलतच आत आणली. बॅटरी संपलेली होती, कारण गोटीराम सणाला गावी गेला होता आणि आज जागा मिळणारच, म्हणून रवीनं चार्जिंगची पेटी घेऊन इलेक्ट्रिशियनलाही दहाची वेळ देऊन ठेवली होती. आणि काय सांगावं, मीटरच्या भिंतीलगतची सगळ्यात चांगली जागा रिकामी! अजून कुणीच खाली उतरलं नव्हतं. दरवर्षी उजाडायच्या आत हॉर्न वाजणाऱ्या पार्किंगमध्ये आज एक मांजर तेवढं झोपलं होतं. ह्याचं त्यांना नवल वाटायला हवं होतं. पण सहादूंना वाटलं, आपण लवकर आलो. रवी तर इतका खूश झाला की त्यानं सीटवर थाप मारली.

हळूहळू मंडळी उतरली. सिल्कचे कुडते, नऊवाऱ्या, हातात ताटं. पगारे पूजेला आलेत ही बातमी मजल्यामजल्यांवर पसरली होती, त्यामुळे जे एरवी दहा वाजता उठायचे तेही हजर. तात्या काठी टेकत आले आणि आपली गाडी सोडून आधी इकडेच उभे राहिले.

"आधी हळद-कुंकू, पगारे. मग स्वस्तिक. स्वस्तिक काढता येतं ना?"

सहादूंनी बोट कुंकवात बुडवून गाडीच्या पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं. विमानाचे सुटे भाग केसभर चूक न करता घासलेलं ते बोट, डाव्या हाताचं.

"उलटं झालं की हो," तात्या म्हणाले. "पुसा. पुन्हा काढा. ह्या हातानं नाही, उजव्या."

कुणीतरी हसलं, वाईट हसणं नव्हतं ते. लहान मूल पहिल्यांदा जेवायला लागलं की घरातली माणसं हसतात, तसं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मोबाईल वर झाले. रवी फुलांची माळ घालत होता आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता. राखी भिंतीला टेकून उभी होती.

"आता हात जोडून ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणा," तात्या म्हणाले. "मोठ्यानं. मनातल्या मनात चालत नाही."

सहादूंनी म्हटलं. त्यांचा तोच बारीक आवाज, पण शेजारच्या गाडीपर्यंतसुद्धा पोचला नाही, म्हणून तात्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग नारळ. तो मात्र एका फटक्यात फुटला आणि टाळ्या पडल्या. तात्यांच्या पत्नी कुसाबाई मायेनं पुढे आल्या आणि सहादूंच्या कपाळावर त्यांनी बोटभर कुंकू ओढलं.

"किती शोभतंय बघा भाऊजींना," त्या म्हणाल्या. "आता खरे आपल्यातले झालात."

म्हणजे आजवर आपण कुणातले होतो, हे सहादूंनी विचारलं नाही. त्यांना एवढंच कळत होतं, की लाज वाटतेय. गावी असताना हॉटेलबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा, तेव्हाही अशी वाटली नव्हती. ती लाज कप ठेवणाऱ्याची होती. ही त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलेली होती. पण भिंतीजवळची जागा मिळाली, राखीची नोकरी राहिली, एवढं मनाशी घोकत ते उभे राहिले.

सगळ्यांच्या पूजा आटोपल्या. जिलेबी आणि चहा आला. तेव्हा महेश खुर्चीवर चढला आणि त्यानं टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"मंडळी, दोनच मिनिटं. तुम्हा सगळ्यांना ग्रुपवर कळलंच आहे, पण सणाच्या मुहूर्तावर अधिकृत सांगतो. काळ बदलतोय. महापालिका म्हणते, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सोय करा, पार्किंग नीट आखा. तेव्हा कमिटीनं आर्किटेक्टकडून नवा प्लॅन करून घेतलाय. आजपासून पूजेवरून जागा ठरणार नाही. पूजा ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेनं कुठेही करावी. मीटरजवळच्या तीन जागा चार्जिंगसाठी राखीव, आणि त्या चारचाकींना. बाकीच्या चारचाकींना नंबर दिलेत. दुचाकींचं दिवाळीनंतर बघू. लकी ड्रॉ काढू, सगळ्यांना सारखा चान्स."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच नवल वाटलं नाही. सगळे चहाचे कप हातात घेऊन निवांत उभे होते, आणि तेव्हा सहादूंना समजलं की सकाळी पार्किंग रिकामं का होतं.

"महेश," ते म्हणाले. गर्दीनं वाट दिली. "मंग आज मी ही पूजा केली ती?"

"केलीत ते फारच छान केलंत, काका."

"तसं नाय. जागा?"

महेश खुर्चीवरून उतरला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, खरं सांगू का, हा बदल तुमच्यामुळेच झालाय. रवीनं अर्ज दिला होता ना, की पूजेवर जागा ठरवू नका म्हणून? कमिटीला ते पटलं. तात्यांनासुद्धा मी पटवलं. तुमचं म्हणणं मान्य झालंय!"

"कधी?"

"मागच्या महिन्यात. ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही ग्रुपवर नाही आहात का? अरेरे, ॲड करायचं राहिलंच."

रवीचा आवाज चढला. "परवा जिन्यात भेटलास तू मला. माझ्या हातात नारळ होता. तू विचारलंस, तयारी झाली का म्हणून."

"हो ना. पण तुम्ही सगळे इतक्या मनापासून तयारीला लागला होतात," महेश म्हणाला. "मला मन मोडवेना रे."

ह्यात कपट होतं असंही म्हणता येत नाही. महेशला खरंच वाटत होतं, की एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून सणाच्या दिवशी चार चांगल्या गोष्टी घडल्या तर त्यात बिघडलं काय. अशा माणसांना शिव्याही देता येत नाहीत.

तेवढ्यात गेटाशी हॉर्न वाजला. महेशची बायको वेदिका नवीकोरी पांढरी इलेक्ट्रिक कार घेऊन आली होती, पुढच्या काचेवर शोरूमची रिबीन अजून तशीच. तिनं काच खाली करून गोड आवाजात विचारलं, "राखी, तेवढी तुझी गाडी काढतेस का? इथे माझा नंबर आलाय."

आणि महेशनं एक नवा नारळ आणून सहादूंच्या हातात दिला.

"काका, सोसायटीच्या पहिल्या चार्जिंग पॉइंटचं उद्घाटन आहे. तुमच्यासारख्या ज्येष्ठ माणसाच्या हातानं होऊ द्या. आपल्याकडे कसे सगळे गुण्यागोविंदानं राहतात, लोकांना दिसू दे."

"बाबा, नका," राखी भिंतीजवळून म्हणाली.

रवी वडिलांच्या कानाशी आला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "बाबा, फोडा," तो कुजबुजला. "दिवाळीनंतर ड्रॉ आहे. चिठ्ठ्या हेच काढणार. उगाच वाकडं नको यांच्याशी."

सहादूंनी मुलाकडे बघितलं. पहिला नारळ त्यांनी विचार करकरून, रात्र रात्र जागून फोडला होता. दुसऱ्याला विचार लागला नाही. हात एकदा बाटला की त्याला काय पहिलं आणि काय दुसरं. त्यांनी महेशच्या बायकोच्या गाडीपुढे नारळ आपटला. पुन्हा टाळ्या पडल्या, कुणीतरी फोटोसाठी त्यांना मध्ये घेतलं, आणि कुसाबाईंनी त्यांच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला. तो त्यांनी चावला, कारण थुंकायला जागा नव्हती.

राखीला दुसऱ्या दिवशी शाळा होती. गोटीरामचं दुकान बंद. पाथर्डी फाट्याच्या पंपावर चार्जिंग होतं, तिथे विनंती करून बघू, असं रवी म्हणाला. राखीला चढाला चालवेना, म्हणून ती हँडल धरून सीटवर बसली. रवीनं एका बाजूनं आणि सहादूंनी मागून गाडी ढकलायला सुरुवात केली. माळ काढून टाकावी असं राखीच्या मनात होतं, पण गेटातून निघताना तात्या ओरडले होते, की आजच्या दिवस पूजा उतरवायची नसते, अपशकुन होतो. तेव्हा झेंडूची माळ, पत्र्यावरचं स्वस्तिक आणि सहादूंच्या कपाळावरचं ओढलेलं कुंकू, असा सगळा थाट इंदिरानगरच्या रस्त्यावरून निघाला. लोक बघत होते. एका मोटारसायकलवाल्यानं हात हलवून शुभेच्छा दिल्या. ऊन तापलं होतं. सहादूंना धाप लागली होती आणि खरोखरच गुडघा दुखायला लागला होता.

फाट्याच्या अलीकडे, गतिरोधकाजवळ, समोरून एक रिक्षा आली. आत पांढरे कपडे दिसले. विहारातून परतणारी बरीच माणसं त्या रस्त्यानं जायची, म्हणून सहादूंनी मान वळवली नाही. पण गतिरोधकापाशी रिक्षा हळू झाली, आणि त्यांनी बघितलं. एका कडेला लताबाई होत्या. अलीकडच्या कडेला नवनाथ, त्याच्या मांडीवर खिरीचा डबा. बाबांचा गुडघा कसा आहे ते बघायला तो निघालेला.

हाताच्या अंतरावरून रिक्षा जात होती. नवनाथनं डोकं बाहेर काढलं. त्याची नजर माळेवरून स्वस्तिकावर गेली आणि मग माणसावर आली.

"आई," तो म्हणाला, "ते बाबा ना?"

सहादू आणि लताबाई, दोघांची नजर एकमेकांना भिडली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. त्यांच्या कपाळाकडे लताबाईंनी एकदाच बघितलं.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "ते घरी पडलेत, गुडघा धरून. ही कोनाची मानसं, आपल्याला काय ठाव. भाऊ, घ्या रिक्षा फुडं, थांबू नका."

रिक्षावाल्यानं गियर टाकला. घरी दाराला कुलूप होतं, आणि तिथे पोचल्यावर ती नवनाथला काय सांगणार होती, कोण जाणे. पण आत्ता, ह्या घटकेला, नवनाथ अजून मागे वळून बघत होता. बायकोचा शब्द खोटा पडू नये म्हणून सहादूंनी तोंड दुसरीकडे केलं, आणि कुणातरी परक्याची गाडी ढकलावी तशी ते ती ढकलत राहिले.